निळ्या नकाशातली रोडोपी

नकाशा मीच आत्यापुढे ठेवला. २१ मे २०२३ला ग्रीसमध्ये संसदेची निवडणूक झाली, तिच्या निकालाचा. ५९ मतदारसंघ आणि त्यांतले ५८ निळे, म्हणजे किरियाकोस मित्सोताकिस यांच्या ‘न्यू डेमोक्रसी’ या उजव्या पक्षाचे. क्रीट बेटावरचं हेराक्लिओन आधी समाजवादी ‘पासोक’ पक्षाचा आणि मग ‘सिरिझा’चा गड, तेही निळं. फक्त वर ईशान्येला, बल्गेरियाच्या सीमेला चिकटलेला एक तुकडा वेगळ्या रंगाचा. ती रोडोपी. तिथे डावा सिरिझा पहिला आला होता. २५ जूनला पुन्हा निवडणूक झाली, तेव्हाही रोडोपीचा रंग तोच राहिला.

आत्याने तीस वर्षं कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं आणि त्या काळात इलेक्शन ड्युटी एकदाही टाळली नाही. मतपत्रिका होत्या तेव्हाही तिने पेट्यांना लाख लावली आहे. तिला निकालापेक्षा मत कसं पडलं यात जास्त रस. त्यामुळे आमची बोलाचाली तिथूनच सुरू झाली.

आत्या : तिथले लोक एवढे डावे कसे गं? कारखाने आहेत?

मी : कारखाने कुठले, तंबाखूची शेती. बास्मा नावाचा तंबाखू, पान तळहाताहूनही लहान. एकेक पान तोडून दोऱ्यात ओवून वाळवायचं. डोंगराकडच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललंय. आणि लोक डावे नाहीत, आत्या. तिथली निम्म्याच्या आसपास वस्ती मुसलमान आहे. बहुतेक तुर्की बोलणारे, काही बल्गेरियनच्या जवळची बोली बोलणारे पोमाक, काही रोमा. कोमोतिनी हे जिल्ह्याचं ठिकाण. तुर्की भाषेत त्याच गावाला ग्यूम्युल्जिने म्हणतात. दुकानात कुठल्या नावाने गाव विचारलंस यावरून तू कोण ते ओळखतात.

आत्या : निम्म्याच्या आसपास म्हणजे नक्की किती?

मी : ते सरकारी कागदावर सापडत नाही. १९५१नंतर ग्रीसच्या जनगणनेत धर्म आणि मातृभाषा विचारलेली नाही.

आत्या : म्हणजे मोजायचं नाही, आणि निकाल लागला की त्यांच्याकडे बोट दाखवायचं. बरं, हे लोक तिथे राहिले कसे? १९२३मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तानने माणसांची अदलाबदल केली होती ना?

मी : केली. जानेवारी १९२३चा करार, धर्म बघून. दहा लाखांहून जास्त ख्रिस्ती इकडे, साडेतीन-चार लाख मुसलमान तिकडे. फक्त दोन ठिकाणची माणसं वगळली. इस्तंबूलचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसचे मुसलमान. रोडोपी त्या थ्रेसमध्ये येते. २४ जुलै १९२३ला लोझानचा तह झाला, त्यात या मंडळींच्या शाळा, मशिदी, वक्फ यांची हमी आहे. पण तहात शब्द ‘मुस्लिम अल्पसंख्याक’ असा आहे, ‘तुर्की’ असा नाही. त्या एका शब्दावर शंभर वर्षं भांडण चालू आहे.

इथे मी माझं मत सांगून टाकलं, कारण आत्यापुढे आडून बोलण्यात अर्थ नसतो. मला रोडोपीचा निकाल ही चांगली बातमी वाटत होती. तीन जागांचा मतदारसंघ, त्यांतल्या दोन जागी अल्पसंख्याक समाजाचे खासदार : सिरिझाचे ओझगूर फेरहात आणि पासोकचे इल्हान अहमत. तिसरे न्यू डेमोक्रसीचे एव्रिपिदिस स्तिलियानिदिस, पूर्वी मंत्री राहिलेले. मुसलमान उमेदवार देशभरच्या पक्षांतून उभे राहतात, दोन वेगळ्या पक्षांकडून निवडून येतात, पक्षांना त्यांच्या दारी जावं लागतं. एका सीमाभागात याहून जास्त काय हवं?

आत्या : ते स्वतःच्या पक्षातून का उभे राहत नाहीत?

मी : पक्ष आहे. मैत्री, समता आणि शांती पक्ष. १९९१मध्ये स्थापन झाला. पण संसदेत जायचं तर देशभरातल्या मतांपैकी ३ टक्के मतं लागतात.

आत्या : आकडा सांग. टक्के नको.

मी : देशात वैध मतं पडतात पन्नास लाखांच्या वर. ३ टक्के म्हणजे दीड लाखाहून जास्त.

आत्या : आणि रोडोपीत माणसं किती?

मी : लाखाच्या थोडी वर.

आत्या : तान्ही मुलं धरून?

मी : धरून.

आत्या : म्हणजे उद्या सगळ्या जिल्ह्याने, ख्रिस्ती-मुसलमान सगळ्यांनी, पाळण्यातल्या पोरासकट एकाच माणसाला मत दिलं तरी तो संसदेत जाणार नाही. याला तू चांगली बातमी म्हणतेस?

हिशोब मला माहीत होता. पण पाळण्यातलं पोर त्यात आलं नव्हतं. तरी मी मागे हटले नाही. अशी अट अनेक देशांत असते, हे खरंच आहे. जर्मनीत ५ टक्के, पोलंडमध्ये ५ टक्के. खुद्द तुर्कस्तानात १९८३पासून १० टक्के होती, २०२२मध्ये ती ७वर आणली.

आत्या : जर्मनीचं पूर्ण सांग. डेन्मार्कच्या सीमेवरच्या डॅनिश लोकांच्या पक्षाला ती ५ टक्क्यांची अट लागू नाही. २०२१मध्ये त्यांचा एक माणूस बुंडेस्टागमध्ये निवडून गेला. पोलंडनेही जर्मन अल्पसंख्याकांना सूट दिलेली आहे. आणि तुर्कस्तानात १० टक्क्यांची भिंत होती तरी अपक्षाला ती लागू नव्हती. कुर्द उमेदवार २००७ आणि २०११ला अपक्ष म्हणून उभे राहिले आणि निवडून आले. ग्रीसमध्ये अपक्षाला आहे का मोकळीक?

मी : नाही. अपक्षालाही ३ टक्के.

आत्या : एकट्या माणसाने एका जिल्ह्यात उभं राहायचं आणि मतं सगळ्या देशातून आणायची! हे कधी ठरलं?

मी : १९९०मध्ये.

आत्या : आणि त्याच्या आधी काय घडलं होतं?

अहमत सादिकची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नव्हतं. सादिक डॉक्टर होता, शल्यचिकित्सक. ऐंशीच्या दशकात त्याने आपल्या समाजाच्या तक्रारींवर सह्या गोळा केल्या आणि तेव्हापासून तो सरकारच्या डोळ्यांत सलू लागला. तक्रारी हवेतल्या नव्हत्या. जमीन घ्यायची, घर बांधायचं, साधा परवाना काढायचा तर वर्षानुवर्षं खेटे. आणि नागरिकत्व कायद्याचं १९वं कलम : ग्रीक वंशाचा नसलेला माणूस परत न येण्याच्या इराद्याने देशाबाहेर गेला असं प्रशासनाला वाटलं, की त्याचं नागरिकत्व काढून घेता येई. १९५५ ते १९९८ या काळात असे सुमारे ६० हजार लोक नागरिकत्वाला मुकले. इरादा कसा ठरवायचा? तर गावातून कुणीतरी कळवायचं, कचेरीत कुणीतरी लिहून घ्यायचं. माणूस सुट्टीवरून परत यायचा आणि सीमेवर कळायचं की आपला देश आता आपला नाही.

जून १९८९मध्ये सादिक रोडोपीतून अपक्ष निवडून आला. त्या वर्षी कुणालाच बहुमत मिळालं नाही म्हणून नोव्हेंबरमध्ये पुन्हा निवडणूक झाली. तेव्हा त्याला उभं राहता आलं नाही, पण त्याच्याच बाजूचा इस्माईल रोडोप्लू अपक्ष म्हणून निवडून आला. जानेवारी १९९०मध्ये प्रचारपत्रकात आपल्या समाजाला ‘तुर्क’ म्हटल्याबद्दल सादिकला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्यानंतर काही दिवसांतच, २९ जानेवारीला, कोमोतिनीच्या बाजारात जमावाने मुसलमानांची दुकानं फोडली. एप्रिलमध्ये तिसरी निवडणूक. सादिक पुन्हा विजयी, आणि शेजारच्या झांथीतून अहमत फाइकओलूही अपक्ष विजयी.

मी : त्या एप्रिलमध्ये न्यू डेमोक्रसीला ३००पैकी १५० जागा मिळाल्या. बहुमताला एक कमी! दहा महिन्यांत तीन निवडणुका होऊन सरकार एका माणसावर टांगलेलं. आत्या, अशा वेळी कुठलंही सरकार निवडणूक कायदा आवळणारच. ३ टक्के काही फक्त सादिकसाठी आलेले नाहीत.

आत्या : फक्त त्याच्यासाठी नसतील. पण सभागृहात एकेक मत सोन्याच्या भावाचं झालं, तेव्हा दोन अपक्ष मुसलमान खासदार तिथे बसले होते. ते कायदा करणाऱ्यांना दिसले नाहीत, असं म्हणायचंय तुला?

मी : दिसले असतील.

आत्या : १९९३ला काय झालं?

मी : सादिक उभा राहिला. रोडोपीतल्या मतांवर निवडून आला असता. ३ टक्क्यांत अडकला. त्या संसदेत त्या समाजाचा एकही माणूस नव्हता.

आत्या : मग?

मी : २४ जुलै १९९५ला मोटार अपघातात गेला.

आत्या : २४ जुलै म्हणजे...

मी : हो, लोझानच्या तहाचीच तारीख. ‘तुर्क’ शब्दावरून झालेल्या शिक्षेविरुद्धची त्याची तक्रार युरोपीय मानवी हक्क न्यायालयात होती. सादिकने तो मुद्दा ग्रीक कोर्टांपुढे आधी मांडला नव्हता, या कारणावर न्यायालयाने १९९६मध्ये मूळ प्रश्नात न शिरताच खटला निकाली काढला.

थोडा वेळ दोघी गप्प होतो. मग माझी बाजू मी पुन्हा हातात घेतली, कारण ती सोडण्यासारखी नाही, असं मला आजही वाटतं. १९९१मध्ये त्या वेळचे पंतप्रधान कॉन्स्तान्तिनोस मित्सोताकिस, म्हणजे आत्ताच्या पंतप्रधानांचे वडील, कोमोतिनीला गेले आणि चुका झाल्या हे मान्य करून कायद्यापुढे समानतेचं धोरण त्यांनी जाहीर केलं. परवाने सुटू लागले. विद्यापीठांत या समाजाच्या मुलांसाठी अर्धा टक्का जागा ठेवल्या गेल्या. १९वं कलम १९९८मध्ये रद्द झालं. आणि १९९६च्या निवडणुकीत तीन मुसलमान खासदार आले, तिघे तीन पक्षांतून : रोडोपीतून पासोकचे गालिप गालिप आणि डाव्या सिनास्पिस्मोसचे मुस्तफा मुस्तफा, झांथीतून न्यू डेमोक्रसीचे बिरोल आकिफओलू. सादिक एकटा अपक्ष होता तेव्हा त्याच्याशी कुणाला बोलावंसं वाटत नव्हतं. पक्षात गेल्यावर समितीत जागा मिळते, मंत्र्याच्या दारात उभं राहता येतं, गावचा रस्ता होतो. इल्हान अहमत २००४ला न्यू डेमोक्रसीतून निवडून आले, २०१५ला ‘तो पोतामी’ या मध्यममार्गी पक्षातून, पुढे पासोककडून. उजवीकडून मध्यात, मध्यातून डावीकडे, आणि मतदार त्यांच्यामागे.

आत्या : म्हणजे लोक एसटीचा रंग बघत नाहीत, आपल्या गावचा ड्रायव्हर कुठल्या गाडीवर आहे ते बघतात.

मी : बरोबर. आणि तिथली मत द्यायची पद्धतही त्याला सोयीची आहे. प्रत्येक पक्षाचा मतपत्रिकेचा कागद वेगळा. मतदाराला सगळ्या पक्षांचे कागद आणि एक पाकीट देतात. पडद्याआड जाऊन हवा तो कागद निवडायचा, त्यावर आपल्या उमेदवाराच्या नावापुढे फुली मारायची, पाकिटात घालून पेटीत टाकायचं. उरलेले कागद टाकायला आत टोपली असते. रोडोपीत तीनच जागा म्हणून फुली एकच. त्यामुळे तंबाखूवाल्या गावातला माणूस आधी फुली कुणाला मारायची ते ठरवतो आणि मग ज्या कागदावर ते नाव आहे तो कागद उचलतो.

आत्याला ही टोपली फार आवडली. आमच्याकडे शिक्का मारायचा, फुली म्हणजे मत बाद, असं म्हणत तिने जुन्या मतपत्रिकेची घडी कशी घालायची ते वर्तमानपत्राच्या कपट्यावर करून दाखवलं. शाई दुसऱ्या चिन्हावर उमटू नये म्हणून उभी घडी आधी. पंचवीस वर्षांनीही बोटं विसरली नव्हती.

आत्या : पण जूनमध्ये काय झालं? महिनाभराने पुन्हा निवडणूक, तेव्हाही फुली?

मी : नाही. आधीच्या निवडणुकीनंतर अठरा महिन्यांच्या आत पुन्हा निवडणूक आली तर फुली नसते. पक्षाने लावलेल्या क्रमानेच माणसं निवडून येतात.

आत्या : म्हणजे जूनमध्ये आपल्या माणसाच्या नावावर खूणही करता येत नव्हती. नुसता पक्षाचा कागद. तरी त्यांनी तोच उचलला.

मी : हो. आणि त्याच सुमारास अथेन्समध्ये बोलणं सुरू झालं की कोमोतिनीतली तुर्की वकिलात मतं फिरवते. मित्सोताकिसांनीही हा विषय काढला. ५८ निळे आणि एक वेगळा, तो सीमेवरचा, मुसलमानांचा. आत्या, मी त्या संशयाची बाजू घेत नाही. पण तो आकाशातून पडलेला नाही. वकिलात तिथे आहे आणि ती गप्प बसत नाही. शिवाय इस्तंबूलच्या ग्रीकांचं काय झालं ते ग्रीसच्या लोकांच्या मनात असतं. १९२३ला लाखाहून जास्त होते. सप्टेंबर १९५५च्या दंगलीत दुकानं, चर्च, स्मशानंसुद्धा फोडली. १९६४ला हजारोंना हद्दपार केलं. आज काही हजार उरलेत. थ्रेसच्या कित्येक ग्रीक घरांत पूर्वेकडून आलेल्या आजीची पेटी आहे.

आत्या : त्या पेटीचं दुःख मी मानते. पण इस्तंबूलच्या ग्रीकांवर झालेल्या अन्यायाची फेड कोमोतिनीच्या तंबाखूवाल्याने का करायची? त्याने काय केलं? आणि संशयाचं म्हणशील, तर क्रम बघ. आधी सांगितलं, तुमच्या नावाने उभे राहू नका, आमच्या पक्षांतून या. ते आले. सगळ्या पक्षांत गेले. मग एका वर्षी देश एकीकडे गेला आणि ते दुसऱ्या पक्षात राहिले, तर म्हणायचं, यांच्यामागे कोण आहे? ज्या रंगाच्या कागदात तुम्हीच त्यांना बसायला लावलंत, त्याच रंगाचा आता आरोप?

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. पक्षांतून जाण्याने त्या समाजाचं भलं झालं, हे मी सोडत नाही. पण मोठ्या पक्षातून गेल्यावर तरी मत संशयातून सुटतं, असं मी धरून चालले होते. ते खरं नव्हतं. रोडोपीच्या नकाशावरचा तो वेगळा रंग सिरिझाचा म्हणून वाचणंही चूक आणि अंकाराचा म्हणून वाचणं तर त्याहून चूक. तो १९९०च्या कायद्याचा रंग आहे.

मी : मग उपाय काय? राखीव जागा? ग्रीसमध्ये दोन महायुद्धांच्या मधल्या काळात थेस्सालोनिकीच्या ज्यूंना आणि थ्रेसच्या मुसलमानांना वेगळे मतदारसंघ होते. त्यांची मतं वेगळी मोजायची. शेवटी त्याने त्यांना बाजूलाच पाडलं.

आत्या : वेगळे मतदारसंघ मी मागत नाही. १९३२ला येरवड्यात काय झालं ते मी मुलांना तीस वर्षं शिकवलंय, आणि दोन्ही बाजूंनी शिकवलंय. संयुक्त मतदारसंघात अल्पसंख्याकाचा माणूस बहुसंख्याकांच्या मर्जीचा निघतो, ही बाबासाहेबांची धास्ती. पण रोडोपीत तो प्रश्नच नाही. तिथे ते निम्मे आहेत. त्यांना वेगळं काहीच नको. नुसतं अपक्षाला ३ टक्क्यांतून सोडा. इतकंच. मग बघू दे, ते पक्षांतच राहतात की बाहेर पडतात.

मी : बाहेर पडले तर? सगळी गावं एका पक्षामागे गेली, ख्रिस्ती सगळे दुसऱ्या? आज तिथे ख्रिस्ती मतदार आणि मुसलमान मतदार एकाच पक्षाच्या कागदावर आहेत. कोमोतिनीत मी दोन दिवस होते. घड्याळाच्या मनोऱ्याजवळच्या बाजारात एकाच बाकावर दोन्ही भाषा चालतात. ते तुटू नये, एवढंच माझं म्हणणं.

आत्या : तुटेल हे तू गृहीत धरलंस. त्यांना कुणी विचारलंय का?

विचारलं गेलंय, एका अर्थाने. मी तिला युरोपीय संसदेच्या निवडणुकीचे आकडे दाखवले. २६ मे २०१९. तिथेही ३ टक्क्यांची अट आहे, संपूर्ण ग्रीस एकच मतदारसंघ, त्यामुळे मैत्री, समता आणि शांती या सादिकच्या पक्षाला एकही जागा मिळणं शक्य नव्हतं. देशभरात त्यांची मतं एक टक्काही नव्हती. तरी रोडोपीत तो पक्ष पहिला आला. झांथीतही पहिला. २०१४मध्येही हेच झालं होतं.

आत्या : आणि संसदेची निवडणूक त्यानंतर कधी?

मी : ७ जुलैला.

आत्या : सहा आठवड्यांनी.

मी : सहा आठवड्यांनी. तेव्हा तेच मतदार पुन्हा मोठ्या पक्षांच्या कागदांकडे गेले. पण आत्या, मे महिन्यात काही पणाला लागलेलं नव्हतं. मनाला येईल ते मत देता येत होतं. जुलैत खरोखर खासदार निवडायचा होता. माणूस जबाबदारीने देतो ते मत खरं.

आत्या : जागा मिळणार नाही हे ठाऊक असताना शेतातलं काम टाकून एवढी माणसं गेली, रांगेत उभी राहिली, तो एक कागद पाकिटात घातला आणि बाकीचे सगळे टोपलीत टाकले. ते मत खोटं?

तिने नकाशा आपल्याकडे ओढला, रोडोपीवर पेन्सिलीने बारीक अक्षरांत ‘२६ मे’ आणि त्याखाली ‘७ जुलै’ असं लिहिलं, आणि जूनच्या निकालाचा दुसरा नकाशा मागितला.